कवेलूखाली जमीन

आमचे बापूजी ऐंशीला आले, पण त्यांना नागपूर माहीत आहे ते फक्त वरून. विमानातून नाही हो, कवेलूवरून, म्हणजे छपराच्या कौलांवरून. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांचे कवेलू फेरले. महाल, इतवारी, बर्डी, धरमपेठ, कुठलीही गल्ली विचारा. कोणाच्या छपराला कुठल्या कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला साचतो, कोणाकडे वानरं उड्या मारून आढं मोडतात, हे त्यांना तोंडपाठ. पण त्याच घराचा समोरचा दरवाजा कुठल्या रंगाचा, असं विचारलं की गप्प. शिडी नेहमी मागच्या बोळीत लागायची आणि हे तिथूनच वर जायचे, तिथूनच उतरायचे. समोरून घर बघायची कधी गरजच पडली नाही.

मी वंदना, त्यांची मोठी मुलगी. वासुदेवनगरात राहते, घरीच ब्लाउज शिवते. माझं तोंड तिखट आहे असं सगळे म्हणतात. म्हणू द्या. नवतपाच्या, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांच्या उन्हात, गरम हवा फेकणाऱ्या कुलरसमोर बसून तुम्ही दिवसाला सहा ब्लाउजांना अस्तर लावून दाखवा, मग बोलू.

आजकालच्या पोरांना कवेलू फेरणं म्हणजे काय तेही सांगावं लागतं. मृग लागायच्या आत छपरावर चढायचं, एकेक कवेलू उचलायचं, खालचा पालापाचोळा झाडायचा, फुटकं बाजूला काढायचं, त्या जागी नवं घालायचं आणि पुन्हा एकावर एक रचत वर जायचं. दरवर्षी. नाही केलं तर पाऊस घरात. प्रत्येक घराचा माणूस ठरलेला असायचा. आमच्या बापूजींना कोणी बोलावणं धाडत नसे. अक्षय तृतीयेला पितरांना आंबा दाखवला की दुसरा आंबा बापूजींकडे यायचा. आंबा आला म्हणजे समजायचं, औंदाही छप्पर तुमचंच. लहानपणी आमच्याकडे त्या दिवशी टोपलंभर आंबे जमायचे. आणि आम्ही बहिणी वेड्यासारख्या खायचो.

मग टिनाची छपरं आली. मग स्लॅब. दरवर्षी टोपलं हलकं होत गेलं. शेवटी शेवटी चार आंबे, मग तीन. आणि चौदा वर्षांपूर्वी बापूजी लालगंजात एका छपरावरून घसरले, कंबरेचं हाड गेलं, मी त्यांना माझ्याकडे आणलं, आणि ते प्रकरण संपलं. निदान मला वाटलं होतं की संपलं.

यंदा मे महिन्यात माझी पोरगी काजल घरी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर एक आजी भेटल्या. सरकत्या जिन्याला घाबरून राहिल्या होत्या. मी हात धरला तर विचारते काय, कोणाची वं तू? मी आजोबांचं नाव सांगितलं. तर म्हणते, बापूजी कवेलूवाल्याची नात! त्याले सांग, मी कौशल्याबाई, माया घरी पानी गळून राहिलं. पावसाच्या आधी येऊन जाय म्हनाव."

"अन् पत्ता?" मी विचारलं.

"पत्ता विचारला न. म्हणे, त्याले माहीत हाय. तेवढ्यात त्यांची गाडी आली."

मी कपाळावर हात मारला. फोन नंबर तरी घ्यायचा की नाही? एवढी शिकलेली पोट्टी! मग बापूजींकडे पाहिलं. ते खाटेवर सरळ उठून बसले होते. कंबरेला हात न लावता.

आता कौशल्याबाई कोण, ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. चितार ओळीजवळ त्यांचं देशी कवेलूचं घर. नवरा गणपतराव मिलमधे होते. माझं लग्न ज्या मे महिन्यात झालं, त्या वर्षी बापूजींनी सगळी घरं केली आणि कौशल्याबाईंचं तेवढं राहिलं. लग्न आटोपलं की करतो, म्हणाले. आणि पाऊस आठ दिवस आधी आला. गणपतराव तेव्हा आजारी, अंथरुणावर. दोन दिवस त्यांच्या पलंगावर पाणी गळत होतं, पलंग इकडे ओढला तर इकडे, तिकडे ओढला तर तिकडे. त्याच महिन्यात ते गेले. आजारानंच गेले, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण बापूजींना कोण समजावणार? कौशल्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या अक्षय तृतीयेला त्यांचा आंबा आला, दरवर्षीसारखा. बापूजी तो आंबा हातात घेऊन ढसाढसा रडले. मग जाऊन सगळं छप्पर नवं घातलं, आणि त्या बाईला शब्द दिला की मी जिवंत असेपर्यंत तुमच्या पलंगावर थेंब पडणार नाही.

लग्न माझं होतं. म्हणून कौशल्याबाईंचं नाव काढलं की मला आधी राग येतो आणि मग तो इकडे-तिकडे ओढलेला पलंग डोळ्यांपुढे येतो.

"बापूजी, ते घर असेल का आता?" मी म्हणाले. "तिथं सगळं पाडून बिल्डिंगा झाल्या. बाईंचं वय पंच्याऐंशीच्या वर असेल. म्हातारपणी बोलतात काहीबाही."

"पानी गळून राहिलं म्हने न? मग घर हाय. घर नसतं तं गळलं कशातून?"

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बापूजी धोतर खोचून, डोक्याला दुपट्टा बांधून दारात उभे. म्हणाले, "तू नको येऊ. तुये ब्लाउज हायेत." हे असं बोलले की माझा इलाजच संपतो. मशीन झाकली आणि निघाले.

मेट्रोत ते पहिल्यांदाच बसत होते. मला वाटलं घाबरतील. कसचं काय! खिडकीला नाक लावून बसले. बर्डी गेली, रेल्वे स्टेशन गेलं, आणि गाडी सेंट्रल अव्हेन्यूवरून निघाली तसे ते खाली बघून पुटपुटायला लागले. सगळं नागपूर पुन्हा वरून, आणि काहीच ओळखीचं नाही. छपरांवर काळ्या टाक्या, निळे टिन, डिशा, सोलरच्या काचा, एसीचे डबे, वाळत घातलेल्या चादरी.

"वंदना, हे छपरावर संसार काहून मांडला वं लोकाईनं?"

"जागा नाही म्हणून."

"मग खाली कोन राह्यते?"

"खालीही लोकच राहतात, बापूजी."

त्यांना ते पटलं नाही. आणि मलाही, खरं सांगते, त्या खिडकीतून बघताना क्षणभर कळेना की आपण कुठल्या गावात आहोत. माझं सगळं बालपण ह्याच रस्त्यावर गेलं. एक ओळखीची खूण म्हणाल तर नाही. तेवढ्यात बापूजींनी माझं मनगट घट्ट धरलं. "ते पाय! ते लाल! देशी कवेलू हायेत ते. तेच घर."

खरंच, गिलाव्याच्या आणि काचेच्या गर्दीत एक तांबडा तुकडा होता. चितार ओळ चौकाच्या स्टेशनवर आम्ही उतरलो.

पण खाली आल्यावर तो तुकडा गेला कुठं? वरून बोटानं दाखवता येत होता, खालून काही दिसेना. बापूजींना मागची बोळ हवी होती. त्या बोळीच्या तोंडाला लोखंडी गेट, आत कोणाच्या तरी गाड्या. कडुनिंब धरून वळायचं तर कडुनिंब नाही. विहीर धरून वळायचं तर विहिरीच्या जागी मोबाइलचं दुकान. एकदा आम्ही फिरून पुन्हा त्याच दुकानापुढे आलो. दुकानदाराला विचारलं, गणपतरावांचं घर कुठं? "कौन गणपतराव? कौनसे अपार्टमेंट में?" बापूजी त्याला समजावायला लागले, छपराच्या पश्चिमेच्या पाखीला मोठा उतार आहे, वळचण मागच्या भिंतीला टेकते. तो बिचारा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. ऊन असं की चपलेतून चटके. माझा पारा चढला. म्हटलं, "चला घरी. पुरे झालं. चौदा वर्षांनी पत्ता न देता निरोप धाडायचा म्हणजे काय पोरखेळ आहे का?"

बापूजी चालतच राहिले. पुढच्या वळणावर मान वर केली आणि थांबले. समोरच होतं ते लाल छप्पर. खाली मात्र मोठी काच, आत कुंड्या, कंदील, बैलगाडीचं चाक भिंतीला टांगलेलं, आणि पाटी: आंगन व्हिलेज कॅफे.

"हे घर नाही, हॉटेल आहे," मी म्हणाले.

"वरून तं घर हाय," बापूजी म्हणाले.

जाऊ दे, निदान एसीत बसून पाणी तरी पिऊ, असा विचार करून मी त्यांना आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि तोंडावर पाणी मारायला गेले. पाच मिनिटं लागली असतील. परत आले तर खुर्ची रिकामी. आणि वरून आवाज यायला लागला, टक, टक, टक. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. कवेलूवर कवेलू ठेवल्याचा.

बाहेर धावले. बाजूला एसीच्या डब्यांसाठी केलेला लोखंडी जिना, आणि ऐंशीला आलेला, कंबर मोडलेला माझा बाप छपरावर उकिडवा बसून कवेलू उपसतो आहे! चार-चारच्या तीन चवडी नीट लावूनही झाल्या होत्या. खाली कॅफेचा मॅनेजर, गोविंदा नावाचा, दोन्ही हात डोक्यावर ठेवून ओरडत होता, "ओ काका! काका, उतरा! डेकोरेशन आहे ते!"

बापूजींचं लक्षच नव्हतं. ते काढलेल्या जागेवर बोटं वाजवून बघत होते. मग मला पाहिलं. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. मेळ्यात हरवलेल्या पोरासारखा.

"वंदना," ते म्हणाले, "कवेलूखाली जमीन हाय वं."

स्लॅब होता तो. तिरपा स्लॅब ओतला होता आणि वर शोभेला कवेलू मांडले होते. पण त्यांना हे कसं सांगू? ज्या माणसानं आयुष्यभर कवेलू उचललं की खाली घर पाहिलं, कोणाची चूल, कोणाचा पाळणा, त्याला खाली सिमेंट लागलं. "फाटे नाहीत, मयाल नाही, लाकडाचं कायबी नाही, खाली कोनीच नाही," ते म्हणत होते. "मग हे झाकून काय राहिले?"

"उतरा आधी!" मी ओरडले. रडू येत होतं म्हणून जास्तच ओरडले.

ते उठायला लागले, हातातलं कवेलू ठेवता ठेवता उलटलं, आणि तसेच बसले. कवेलूच्या आतल्या बाजूला चुन्याच्या तीन रेघा होत्या. तीन बोटांनी ओढलेल्या. बापूजींनी आपली तीन बोटं त्यावर ठेवली. गणपतराव गेल्यानंतरच्या वर्षी त्यांनी जे छप्पर नवं घातलं, त्यातल्या एकेका कवेलूला त्यांनी पोटातून ही खूण केली होती. आईनं मला सांगितलं होतं ते. मी कधी पाहिलं नव्हतं.

गोविंदाही तोवर वर आला होता. आधी रागात होता, पण रेघा आणि बोटं पाहून नरमला. म्हणाला, "हे कवेलू इथलेच, काका. जुनं घर पाडलं तेव्हा मालकांनी ठेवून घेतले. मालक मागच्या बिल्डिंगमधेच राहतात, चौथ्या मजल्यावर. जितेंद्र साहेब. त्यांची आई पण आहे."

जितेंद्र म्हणजे कौशल्याबाईंचा मुलगा.

लिफ्टमधे बापूजींनी माझा पदर धरला होता. दार उघडलं ते जितेंद्रनं. तो काही विचारायच्या आत आतून आवाज आला, "आला का गा बापूजी? किती उशीर केला!"

कौशल्याबाई पलंगावर बसल्या होत्या. वाळून एवढ्याशा झालेल्या. आणि त्यांच्या उशापाशी थेंब झेलायला पातेल्यासारखा एक गंज ठेवलेला. टप्. थोडा वेळ काही नाही. पुन्हा टप्.

बापूजींनी आधी गंजाकडे पाहिलं, मग छताकडे, मग खिडकीबाहेर. आभाळ पांढरंफटक, ढगाचा ठिपका नाही. पंचेचाळीस डिग्री. "बाई," ते हळूच म्हणाले, "पाऊस कुठं हाय?"

"तेच तं मी इचारून राहिली!" बाई म्हणाल्या. "दोन वर्षं झाले. उन्हाळ्यात गळते, हिवाळ्यात गळते. पावसाळ्यात तं विचारूच नको."

जितेंद्रनं सांगितलं, वर गच्चीत टाक्या आहेत, त्यांचं पाणी कुठून तरी मुरतं. तीनदा केमिकल मारलं, टाइल्स काढून पुन्हा बसवल्या, दोन इंजिनिअर येऊन गेले. एक म्हणतो टाकी, एक म्हणतो पाइप. भला माणूस, पण थकलेला. "आईला म्हटलं, माझ्या खोलीत झोप. ऐकत नाही. आणि तुम्हाला कशाला त्रास दिला तेही कळत नाही मला."

बापूजींना गच्चीवर नेलं. ते टाक्यांभोवती फिरले, वाकून पाहिलं, हात लावला. "पान्याले जायले रस्ताच नाही ठेवला," म्हणाले. "सपाट करून टाकलं सगळं. पानी बी गोंधळलं असन." मग खाली आले आणि कौशल्याबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "बाई, मले हे नाही येत. इथं फेरू काय? उचलायले काहीच नाही. मी शब्द देल्ला होता तुमाले, पन मले हे घरच समजून नाही राहिलं."

असं हात जोडून मी त्यांना कधी कोणापुढे पाहिलं नव्हतं.

"मी तुले छप्पर फेरायले बोलावलं कधी?" कौशल्याबाई फटकन म्हणाल्या. "मले काय दिसत नाही का स्लॅब हाय म्हनून? मले एवढं सांग, पलंग कुठं ठेवू. चार जागा बदलल्या. जिथं ठेवते तिथं दोन महिन्यानं गळते. त्या इंजिनिअरले इचारलं तं हसला. ह्या घरात कोरडी जागा कोनती, ते मले कोनी सांगून नाही राहिलं. रात्रभर वर पाहत पडली राह्यते मी. हे ओल्या पलंगावर गेले, बापूजी. मले ओल्यात नाही मरायचं."

उशापाशी पुन्हा टप्.

मग बापूजी जमिनीवर बसले आणि हळूहळू, कंबर सांभाळत, उताणे झोपले. परक्यांच्या घरात, फरशीवर. म्हणाले, "टाकी भरू द्या. वरून वाहू द्या." जितेंद्रनं मोटर सुरू केली. बापूजी छताकडे बघत राहिले, डोळे अर्धे मिटून. अर्धा तास. मी शरमेनं अर्धी झाले होते आणि तरी हलले नाही. मग त्यांनी हात वर केला आणि बोट फिरवायला लागले. "इथून निंगते. तो डाग पाय, तिकडं सरकला. स्लॅब खिडकीकडं बसला हाय, नखभर. दिसत नाही. पन पान्याले दिसते." ते सरपटत सरपटत भिंतीपर्यंत गेले. उठून जितेंद्रनं आणून दिलेल्या लांब काठीनं वर ठोकलं. पुन्हा झोपले. पुन्हा ठोकलं. शेवटी दाराजवळच्या कोपऱ्यात हात टेकून उठून बसले.

"इथं," म्हणाले. "उशी दाराकडं. हे जागा चढावर हाय. पानी इकडं चढनार नाही."

"तिथं टीव्ही आहे, काका," जितेंद्र म्हणाला.

"मग टीव्ही ओला होऊ दे!" हे मात्र मी बोलले. तोंडातून निघून गेलं. कौशल्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

टीव्ही हलवला. मी आणि जितेंद्रनं पलंग ओढला. बाई नव्या जागी आडव्या झाल्या, वर पाहिलं, मग डोळे मिटले. बापूजी पलंगाशेजारी फरशीवर बसून राहिले. मोटर सुरूच होती. टपटप खिडकीजवळ होत राहिली, आणि कोपरा कोरडा. तासाभरानं बाईंचा श्वास संथ झाला. भर दुपारी, आमच्यासमोर, त्या गाढ झोपल्या.

निघताना जितेंद्रनं आतून एक आंबा आणला. म्हणाला, "आईनं तीन दिवसांपासून काढून ठेवला होता. म्हणत होती, तृतीयेला पाठवायचा राहिला."

परत मेट्रोत बापूजींनी खिडकीबाहेर बघितलंच नाही. आंबा दोन्ही हातांत धरून बसले होते. बर्डीच्या पुढे गाडी गेल्यावर म्हणाले, "वंदना, मले समजून नाही राहिलं. कवेलू तं मी एकबी नाही फेरलं. उलट त्या पोराचं छप्पर मोडून आलो. पानी तसंच गळून राहिलं. मग हा आंबा कायचा?"

मी त्यांच्या डोक्यावरचा दुपट्टा नीट केला.

"बापूजी," मी म्हणाले, "बाईंचा पलंग कोरडा आहे."

त्यांनी आंब्याचा वास घेतला. मग बराच वेळ तो माझ्या मांडीवर ठेवून, खिडकीला डोकं टेकून बसले.